नववं टेबल

एकाच ऑफिसचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं सांभाळलं की बिघाड विसरले जातात आणि माणसं लक्षात राहतात. लोअर परळला काचेच्या बाटल्यांचा होलसेल धंदा करणारे एक शेठ आहेत. त्यांच्याकडचे इतके किस्से माझ्याजवळ साठलेत की गिरगावातले मित्र चहा सांगायच्या आधी विचारतात, "काय रे, तुझ्या बाटल्या काय म्हणतात?"

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथे सगळी माहिती कप्प्याकप्प्यांत ठेवलेली असते तिथे, सिस्टिमची नऊ टेबलं, म्हणजे तसले नऊ कप्पे, होती. सॉफ्टवेअरच्या पुस्तकात मात्र आठच! नववं काढायला गेलो, तर ऑपरेटर कांबळेबाई मागून म्हणाल्या, "त्याला हात नाय लावायचा. ते सिस्टिमचं आहे."

"बाई, मीपण सिस्टिमचाच माणूस आहे!"

"तू काल आलास. ते आधीपासून आहे."

मी निमूट हात मागे घेतला.

* * *

एका खंडेनवमीला शेठनी सर्व्हरला हातभर झेंडूचा हार घातला. पाकळ्या पंख्यात गेल्या आणि मशीन घरघरायला लागलं. मी म्हटलं, "शेठ, हार काढावा लागेल."

शेठ म्हणाले, "हार राहील. पंखा बदल!"

शेठपुढे बोलून उपयोग नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

दरवर्षी एकदा बाईंचा फोन यायचा. "आज सिस्टिम बंद आहे. गेटपास निघत नाय, एक बाटली बाहेर जात नाय."

"निघतोच, बाई!"

"घाई नाय रे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी नुसता खुर्चीत बसलो की सगळं सुरू! एकदा शेठनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. "तुझा पायगुण चांगला आहे." मीही ते खरं मानून गिरगावात सांगत सुटलो. आता आठवलं की लाज वाटते.

* * *

मग गेल्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं. ते नवव्या टेबलापाशी अडून बसलं. हे काढा, नाहीतर पुढे जात नाही! मी टेबल उघडलं. आत एकच ओळ, एकच तारीख. त्या तारखेला सिस्टिम उघडूच नये, असा बंदोबस्त. बाईंचे मला आलेले सगळे फोन त्याच तारखेचे होते.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"दत्ताराम हमाल होता आमच्यात. त्या दिवशी गोडाऊनमध्ये त्याच्या अंगावर खोके कोसळले, जागीच गेला. दुसऱ्या वर्षी आम्ही त्या दिवसाची सुट्टी मागितली. शेठ म्हणाले, असा धंदा बंद ठेवता येत नाय. मग मी जुन्या प्रोग्रामरला पटवला."

दरवर्षी त्या तारखेला दत्तारामची बायको लालबागहून घावन्यांचा डबा घेऊन येते. गोडाऊनमध्ये सगळे त्याच्या फोटोसमोर बसतात, जेवतात, त्याच्या गोष्टी सांगतात. वर्षातून तेवढंच.

"नव्या सिस्टिममध्ये टाकता येईल?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. तिथे सुट्टी फक्त शेठच टाकू शकतात."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, "काढ. तुझं काम अडायला नको."

शेकडो टेबलं काढली असतील मी. ते एक काढताना फार वाईट वाटलं.

* * *

यंदा त्या तारखेला मी मुद्दाम गेलो. सिस्टिम छान चालू होती. प्रिंटर गेटपासवर गेटपास काढत होता. टेम्पो भरत होते आणि दत्तारामची बायको गेटपाशी डबा घेऊन बाजूला उभी होती. बाई मान खाली घालून टाइप करत होत्या.

अकराला शेठ केबिनबाहेर आले.

"कांबळेबाई, सिस्टिम बंद नाही पडली?"

"नाय शेठ. चालू आहे."

"आज?"

"हो."

शेठ माझ्याकडे वळले. "जुनी सिस्टिम आजच्या दिवशी बरोबर बंद पडायची. एवढी नवी आणलीस, तिला हे येत नाही?"

मी चाचरत म्हटलं, "शेठ, ही आपणहून नाही पडणार."

"मग पाड ना!"

एवढं बोलून ते जिन्याने खाली गोडाऊनकडे गेले. त्यांच्या काखेत घरच्या छुंद्याची बरणी होती.