‘हेच ना’ मॅडम

गेल्या वर्षी जूनमध्ये नाशिकच्या आमच्या कॉलेजात बी.ए.चा तत्त्वज्ञान हा विशेष विषय बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. तिसऱ्या वर्षाला आलेल्या आम्हा तिघांचे वर्ष तेवढे पूर्ण होणार होते. नवे प्रवेश नाहीत. ठरावाच्या बाजूचे सर्वांत प्रभावी भाषण हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनीच केले. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी बैठकीत हजर होते.

मॅडमना कॉलेजात ‘हेच ना’ म्हणत. भारतीय तत्त्वज्ञानात खंडनाआधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्या बाजूने नीट सांगतात. पाठ्यपुस्तकात हा एक परिच्छेद आहे. मॅडम तो रस्त्यावरही पाळत. “तुम्हाला असं म्हणायचंय,” अशी त्यांची सुरुवात असे आणि शेवट, “हेच ना?” समोरच्याने ‘हेच’ म्हटल्याशिवाय त्या स्वतःचे मत उघड करत नसत.

एकदा सीबीएस बसस्थानकावरून इंदिरानगरला मीटरने यायला एका रिक्षावाल्याने नकार दिला. मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला असं म्हणायचंय दादा, की बोगद्याशी ट्रॅफिकमध्ये अडकायचं, येताना भाडं नाही, वर गॅसची रांग. हेच ना?”

“हेच मॅडम! तुम्हीच सांगा, परवडतं का?”

मॅडम उत्तराला सुरुवात करणार, तोवर हे ऐकून मागच्या दोन रिक्षावाल्यांनीही भाडे वाढवले होते. त्या बसने गेल्या.

वर्गातही उत्तराला वेळ पुरत नसे. चार्वाकांची बाजू त्यांनी अशी मांडली की आमच्यातल्या एकाने त्याच दिवशी सोमवारचा उपवास मोडून कँटीनमध्ये मिसळ खाल्ली. खंडन मंगळवारी झाले. उपवास पुन्हा धरल्याचे ऐकिवात नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या कोमलचे वडील दिंडोरीहून तिला कॉलेजातून काढायला आले. द्राक्षबागेची फवारणी अर्धी टाकून आले होते. “फिलासफी शिकून काय करणार पोरगी?” त्यांनी दारातूनच विचारले. मॅडमनी त्यांना बसवले.

“तुम्हाला असं म्हणायचंय भाऊ, की मुलगी काय शिकते हे सोयऱ्यांना सांगता येत नाही. नर्सिंगला घातली असती तर सांगावंही लागलं नसतं, कपड्यांवरून कळलं असतं. उद्या आपण नसलो तर तिचं कसं होणार, याने झोप लागत नाही. हेच ना?”

“हेच! लय दिवसांपासून हेच सांगतोय, घरात कोणी ऐकून घेत नाय.”

“आता तुम्ही कोमलची बाजू मांडा.”

“तिची काय बाजू हाय?” ते म्हणाले. मग सांगायला लागले. “ती म्हणती का... ती म्हणती...” शेवटी मुलीकडे वळून म्हणाले, “काय म्हणती गं तू?”

बाप-लेक कँटीनमध्ये बसून बराच वेळ बोलले. कोमल तिसऱ्या वर्षाला आली.

जूनच्या त्या बैठकीत ठराव प्राचार्यांनी मांडला. ते रसायनशास्त्राचे. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “सरांना असं म्हणायचंय.” तीन विद्यार्थ्यांना एक पूर्ण वर्ग लागतो, कॉम्प्युटरच्या कोर्सला जागा नाही. प्राचार्यांना न सुचलेला मुद्दाही त्यांनी घातला: आपण स्वतः मेमध्ये निवृत्त होतो, तेव्हा कुणाची नोकरीही जात नाही. “हेच ना, सर?”

“हेच, हेच!” प्राचार्य म्हणाले.

मॅडम पाणी प्यायल्या. “आता माझं उत्तर.”

“उत्तर कशाला?” संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही तर पाठिंबाच दिलात. चहा आणा रे.”

दुसऱ्या दिवशी प्राचार्य आमच्या वर्गाच्या दाराशी आले. “मॅडम, उत्तर काय होतं?”

“आधी माझी बाजू तुम्ही मांडा, सर.”

“मला ती माहीत नाही.”

“मग तासाला बसा.”

प्राचार्य खरोखर बसू लागले, शेवटच्या बाकावर, जमेल त्या दिवशी. पहिल्या प्रयत्नात ते म्हणाले, “तत्त्वज्ञानाने संस्कार घडतात.” मॅडम म्हणाल्या, “हे माझं नाही. हे तुमचं स्नेहसंमेलनातलं भाषण.” दिवाळीनंतर त्यांनी स्पर्धा परीक्षांसाठी होणारा उपयोग सांगितला. कोमल पुढच्या बाकावरून म्हणाली, “सर, हे तर क्लासवाले म्हणतात.”

फेब्रुवारीत एका तासाला ते स्वतःहून उभे राहिले. “त्या दिवशी ठराव करताना आम्ही मॅडमची बाजू विचारली नाही. ती विचारायची असते, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंही नाही. ते शिकवणारा वर्ग कॉलेजात एकच आहे, आणि आम्ही तोच बंद केला.”

मॅडमनी खडू ठेवला. “हेच,” त्या म्हणाल्या.

मेअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांच्याविषयी बोलून झाल्यावर विचारले, “हेच ना, मॅडम?” मॅडम म्हणाल्या, “नाही. पण जवळ आलात.”

पुढच्या बैठकीत ठराव मागे घेण्याचा विषय प्राचार्यांनीच मांडला. अध्यक्षांचा विरोध होता. प्राचार्यांनी आधी अध्यक्षांची बाजू सविस्तर मांडली. “हेच!” असे म्हणून अध्यक्षांनी चहा मागवला. चहा आला, सगळ्यांना दिला गेला, त्यावर साय धरली, तरी प्राचार्य उभे राहून उत्तर देत होते.

या जूनमध्ये तत्त्वज्ञान विशेष विषयाला चार प्रवेश झाले.