मुनीरचा गुडघा

मस्कतच्या हमरिया भागातल्या मटणाच्या दुकानात हारून सत्तूर चालवायचा, आणि दुकानाबाहेर हात. पार्किंगवरून त्याने एकाचे दात पाडले होते. फ्रिज कुणीतरी उघडा टाकला म्हणून त्याचं दारच उपटलं होतं. मी रमण, एसी दुरुस्त करणारा, त्याच्याच खोलीत राहायचो. माझ्यावर त्याने कधी हात टाकला नाही, तरी जेवताना मी माझं ताट जरा लांबच ठेवायचो.

या माणसाचा राग एकाच ठिकाणी गिळला जायचा, गाववाल्यासमोर. दापोलीकडच्या त्याच्याच गावचा मुनीरही मस्कतलाच ट्रेलर चालवायचा. त्याची खाडीवरची जागा हारूनने घ्यायची ठरवली, साठेखत म्हणजे विक्रीचा करार केला, पैसेही दिले. खरेदीखत २०१० संपायच्या आत करून द्यायचं, असं त्यात लिहिलं होतं. गावी हारूनची बायको अमीरुन्निसा दिराच्या पडवीत दिवस काढत होती. जाऊ तिला भांडी फेकून मारायची. त्या जागेवर तिचं स्वतःचं घर व्हायचं होतं.

मुनीर दर वर्षी म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या सुट्टीत." मी हारूनला सांगायचो, "अरे, दावा लाव." तर तो माझ्यावरच गुरगुरायचा, "जमातीतल्या माणसावर दावा? मग गावात तोंड कसं दाखवू?" आमच्याकडे हे असंच. परक्याचं नरडं धरायचं आणि गाववाल्याच्या सुट्टीची वाट बघत बसायचं. मला भयंकर संताप यायचा.

२०१४च्या सुरुवातीला मुनीर मटण घ्यायला आला. मी शिडीवर चढून दुकानाचा एसी उघडत होतो. हारूनने जागेचा विषय काढला तेव्हा तो हसला. "वकिलाला विचारलंय मी. तीन वर्षं उलटली, दाव्याची मुदत संपली. आता कोर्टही तुला उभं करणार नाही. खलास!"

हारूनने कॉलर धरून त्याला काउंटरवरून आत ओढला. तोंडावर ठोसे घातले, डोकं लादीवर आपटलं. मग सत्तूर उलटा धरला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर हाणला. "माजी जागा मना दे!" पुन्हा हाणला. मी शिडीवरून उडी मारून त्याला कवळा घातला, तर मलाही कोपर बसलं. हाड फुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

हारूनला तीन वर्षांची शिक्षा झाली. पाय कामातून गेल्यावर मुनीरला ट्रेलर कोण देणार? त्याच वर्षी तो कायमचा गावी परतला. कोर्टाचं दार बंद झालं या खात्रीने हारूनने तुरुंगातून कुणाला काही विचारलंच नाही, बायकोलाही विचारू दिलं नाही.

२०१७मध्ये सुटल्यावर त्याला भारतात परत पाठवलं. मीही तेव्हा सुट्टीवर आलो होतो. नवराबायकोला मी ओढूनच दापोलीच्या वकिलाकडे नेलं.

वकिलाने साठेखत वाचलं, तारखा विचारल्या. "मारामारी झाली तेव्हा तुमची मुदत संपली नव्हती," तो म्हणाला. "ज्याच्यावर दावा लावायचा तो देशाबाहेर असेल, तर तो काळ तीन वर्षांत धरत नाहीत. मुनीर मस्कतला होता तोवर फक्त त्याच्या इथल्या सुट्ट्याच मोजल्या गेल्या. तो कायमचा परत आला तिथून खरी मुदत धावली. ती आत्ता संपली."

अमीरुन्निसा नवऱ्याकडे वळली. "त्याला घरी कोणी पाठवलं?"

हारूनने स्वतःच्या थोबाडीत मारली. मग दुसरी, मग तिसरी, ओठातून रक्त येईपर्यंत. मी हात धरायला पुढे झालो तर अमीरुन्निसा म्हणाली, "मारू दे त्याला."