मामा आणि पाच प्रकारचे धक्के

पुण्यात रस्त्यांना शिव्या देणारी माणसं पोत्याने सापडतील, पण नेमकी शिवी देणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे आमच्या हिचे मामा. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांना स्कूटरवरून कात्रजला घरी सोडत होतो. नवा जावई असल्यामुळे लक्ष रस्त्यापेक्षा स्वतःच्या ऐटीवर जास्त होतं, त्यामुळे एक स्पीडब्रेकर दिसलाच नाही. दोघंही सीटवरून वीतभर उडालो. मी ओशाळून म्हणालो, "सॉरी मामा, जर्क बसला." मामांनी स्कूटर बाजूला घ्यायला लावली. मला वाटलं, त्यांची पाठ धरली. पण ते शांतपणे म्हणाले, "जर्क नव्हे, जावईबापू. बंप. जर्क चालवणाऱ्याकडून येतो, बंप रस्त्याकडून. उगाच स्वतःवर घेऊ नका." सासरकडून मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं अभयदान.

मामांनी उभी हयात हडपसरच्या एका कारखान्यात काढली. तिथे गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनत. मामांचं काम एवढंच, की गाडीत बसायचं, ती मुद्दाम खराब रस्त्यावरून न्यायला लावायची आणि आपल्या अंगाला काय काय झालं ते इंग्रजीत लिहून द्यायचं. साहेब परप्रांतातला, त्याला मराठीचा गंध नाही. म्हणून मामांनी डिक्शनरी घेऊन पाच शब्द पक्के केले. रस्ता खालून एकदाच ढकलतो तो बंप. क्लच-ब्रेकच्या चुकीने बसतो तो जर्क. मणक्यातून वर जाऊन दातांवर दात आपटतो तो जोल्ट. गाडी एका अंगाला कलते आणि शेजारचा माणूस मांडीवर येतो तो लर्च. आणि जुन्या पंख्यासारखी गाडी नुसतीच थरथरत राहते तो जडर. मी एकदा म्हटलं, मामा, आपल्याकडे हिसका आहे, गचका आहे, दणका आहे. त्यावर ते म्हणाले की आहेत, पण ते घरात वापरायचे. गचका साहेबाला कळत नाही.

रिटायर झाल्यावर शब्द कारखान्यात ठेवून यावेत, तर ते घेऊन आले. बसमध्ये पुढे जागा असली तरी मामा जाऊन मागच्या चाकावरच्या सीटवर बसत. खरं काय ते तिथेच कळतं म्हणत. भाच्याने चार महिन्यांत नोकरी सोडली, तेव्हा सगळं घर हादरलं. मामा चहा पीत एवढंच म्हणाले, "जर्क आहे. क्लच लवकर सोडला." एका नात्यातल्या मुलीचं ठरलेलं लग्न साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोडलं, त्याची नोंद लर्च अशी झाली, आणि शेजारच्या सोसायटीतल्या मीटिंगा वर्षानुवर्षं जडर या सदरात होत्या. मामी हे सगळं ऐकत आणि भाजी निवडत. नवऱ्याला रस्त्याखेरीज कशाची भाषा येत नाही, हे त्यांनी बहुधा फार पूर्वी मान्य केलं असावं.

मागच्या वर्षी मामींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल नारायण पेठेच्या बाजूला, घर कात्रजला, मधे अख्खं पुणं. डॉक्टर सहज बोलून गेले, घरी नेताना पाठीला धक्का बसू देऊ नका. मामांनी विचारलं, "कुठला धक्का?" डॉक्टर म्हणाले, "कुठलाच नाही." ते पुढच्या पेशंटकडे गेले. मामा मात्र तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळपासून कारखाना पुन्हा सुरू झाला. मामींच्या वजनाचं तांदळाचं पोतं माझ्या गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधण्यात आलं. मामींनी सांगितलेल्या वजनात मामांनी स्वतःहून चार किलो मिळवले. पोत्यावर मामींची शाल. मी चालवणार, मामा शेजारी वही घेऊन. टेस्ट चालू असताना बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, फोन बंद. तीन दिवस मी ते पोतं हॉस्पिटलहून कात्रजला पोचवलं. तिसऱ्या दिवशी वहीत जोल्टच्या रकान्यात शून्य पडलं.

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलला जाता जाता शेवटची खात्री म्हणून पोतं गाडीतच होतं. पोर्चमध्ये मामी व्हीलचेअरवर, शेजारी बायको औषधांची पिशवी घेऊन. तेवढ्यात मागे अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि वॉचमनने गाडी पुढे घ्यायला सांगितलं. मी घेतली. मामांची मान वहीत. "सेकंडमध्येच राहा," ते म्हणाले. तीन दिवसांची सवय. मी सेकंडमध्ये राहिलो आणि गेटबाहेर पडलो. आरशात शाल दिसत होतीच.

स्वारगेट मागे पडलं. एकही धक्का नाही. मामांनी नियम मोडून, पण मागे न बघता विचारलं, "काय गं, बसला का एक तरी?"

उत्तर आलं नाही.

"रागावलीस?" असं म्हणून मामा वळले.

परतीच्या वाटेवर मी काय काय तुडवलं ते सांगत नाही. पाचही प्रकार दोन-दोनदा झाले असतील. मामांनी एकही लिहिला नाही. ते फक्त, ती चालत तर नाही ना निघाली, एवढंच पुटपुटत होते.

मामी पोर्चमध्ये वॉचमनच्या स्टुलाशेजारी चहा घेत होत्या. आम्हाला बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पोचलं का पोतं नीट?" बायकोने औषधांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि मागचं दार उघडून पोत्याकडे बोट दाखवलं.

पोतं डिकीत गेलं, बायको पुढे बसली, आणि वही तिच्या पायाशी पडली. मामा मागे मामींजवळ बसले. बायकोला चारचौघांत हात न लावणाऱ्या पिढीतला तो माणूस, पण त्यांनी मामींची पाठ आणि सीट यांच्या मधे आपला हात सरकवला आणि तसाच ठेवला. रस्त्याने जे काय दिलं ते त्या हाताने घेतलं. थोड्याच वेळात मामींना झोप लागली. कात्रज आलं, मी गाडी पिसासारखी थांबवली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आणि मामांनी हात झटक्यात काढून मांडीवर ठेवला. मनगट लालबुंद झालं होतं. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, त्या दिवशी एकूण किती झाले? मामा म्हणाले, मोजले नाहीत.

घरी परतताना मी बायकोला जरा फुशारकीनेच म्हटलं, की बाकी काही असो, ऑपरेशन झालेल्या बाईला पुण्याच्या रस्त्यांवर झोप लागावी, अशी गाडी चालवणं खायचं काम नाही.

ती म्हणाली, "मामी झोपल्या नव्हत्या. डोळे उघडले असते, तर मामांनी हात काढून घेतला असता."