आत्याबाईंच्या वाटणीची भाकर

लेक कंपनीच्या कामानं जपानला गेल्ता. तिथून फोनवर म्हणाला, "आई, गाडीनं खेडोपाडी फिरून राह्यलो, ऊन पाण्याच्या कुंडात डुंबून राह्यलो." म्हटलं, त्यात काय मोठं, बाबा? तुझ्या जन्माआधी तुझी आई जीपनं जाऊन उनकेश्वरच्या ऊन पाण्यात डुंबून आलीय!

तेव्हा माझ्या दोन्ही हातांना इसब झाल्तं. कातडी फाटायची, आग आग व्हायची. अंबडचे डॉक्टर म्हणाले होते, हे कुणाला लागत न्हाई. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? एका बारशाला मी पिठाच्या परातीपाशी बसले, तर एक बाई साखर पेरत म्हणाली, "तू राहू दे गं, हाताला आराम दे." माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, शेजारीच होत्या. चकार शब्द काढला न्हाई त्यांनी. वर दुसऱ्या दिवसापासून घरातली परातही स्वतःकडं ओढली. मला वाटलं, संपलं. आता माझ्या हातचं घरातही चालत न्हाई. असा संताप आल्ता की, मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

मंग त्यांनीच विषय काढला, उनकेश्वरच्या ऊन पाण्यानं कातडीचं दुखणं जातं म्हणे. आमच्या ह्यांनी ओळखीतली जीप आणली आणि आम्ही तिघं निघालो. मंठा, जिंतूर, नांदेड, पुढं किनवटचं रान. रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, पण तोंडातून हूं की चूं न्हाई. सोबत पीठ, परात, तवा. मी फणकारले, "भाकरी घरूनच बांधल्या असत्या की!"

"शिळी मला जात न्हाई," त्या म्हणाल्या.

घ्या! रोज सकाळी रातची भाकर दुधात कुस्करून खाणारी बाई!

कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. आत्याबाईंनी हात पुढं केला. मी माझा हात पदराखाली लपवला.

"दे की! पडू का मी इथं?"

दिला. कमरेएवढ्या पाण्यात जाईस्तोवर त्यांनी तो सोडला न्हाई. चिरांमध्ये पाणी असं झोंबलं की डोळे भरून आले. नुसतं पाणी झोंबलं म्हणून न्हाई.

परतताना एका चिंचेखाली जीप थांबली. ह्यांनी तीन दगड मांडून जाळ केला. आत्याबाईंनी परात माझ्यापुढं सरकवली. "थाप."

"हात अजून तसेच आहेत, आत्याबाई."

"मला डोळे हायेत. ऊन पाण्यात पीठ मळताना तुझी आग बघवत नव्हती, म्हणून घरची परात घेतली मी. तू भलतंच धरून बसली. एकच थाप, माझ्यापुरती. बाकीच्या मी करते."

"आणि बारशाला गप्प का बसलात?"

त्यांनी जाळात एक काटकी सरकवली. "चुकलं माझं," म्हणाल्या.

सासू सुनेला असं म्हणते का कधी? मी पिठात हात घातला. भाकर कडेला फाटली, एका बाजूनं करपली. आत्याबाईंनी ठेच्याबरोबर सगळी खाल्ली, परातीत पडलेला तुकडाही वेचून तोंडात टाकला. ह्यांनी हात पुढं केला, तर म्हणाल्या, "ही माझी हाय."

इसब पुढं गेलं. पाण्यानं की मलमानं, देव जाणे. आत्याबाई आता न्हाईत. त्या बाईचे उपकार मी कुठं फेडू? अजून पहिली भाकर थापली की हात थांबतो, ती आत्याबाईंच्या वाटणीची, म्हणून कुणालाच वाढत न्हाई, आधी मीच खाते.