तळ ठीक

खारबावच्या लडकूला गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणत, पण भिवंडीच्या आळ्यांतल्या बायका त्याला सरळ ‘गंजवाला’ म्हणायच्या. त्याला त्याचा राग नसे. ज्याचं खातो त्याच्या नावानं माणूस ओळखला जाणारच, त्यात काय एवढं!

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरची. तेव्हा गॅस म्हणजे अख्ख्या आळीत एखाद्या घरी. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि आला की शेजारपाजारच्या बाया तो पेटवलेला बघायला यायच्या. लडकूचं काम सोपं होतं. वर्षातून एकदा प्रत्येक घरी जायचं, नळी बघायची, रेग्युलेटर बघायचा, दाढीच्या ब्रशनं सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचं, आणि सिलिंडर कलता करून त्याचा तळ सुरीच्या टोकानं खरवडायचा. गंज लागतो तो तिथंच, बुडाला, जिथं कुणाची नजर जात नाही. मग खिळ्याला टांगलेल्या कार्डावर तीन रकाने भरायचे: नळी, रेग्युलेटर, तळ. खाली सही. न बघता सही केलेली सापडली तर घरी बसायचं, असा एजन्सीच्या शेठचा कायदा. राघो नावाचा त्याचा जोडीदार तसाच घरी बसला होता.

लडकू कामाला चोख. वकिलाच्या घरी असो की डॉक्टरच्या, सुरी लावल्याशिवाय सही नाही. आणि असा हा चोख माणूस एकाच घरी चुकला, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या.

गोदू त्याची धाकटी बहीण, मानकोलीला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. नवरा अनंता कापडाच्या लूमवर शिफ्ट करायचा, बोलायचा कमी. बोलायचं सगळं काम त्याची आई बायजाबाई करायची. पोराला दुसरी करायची म्हणून ती उघड बोलू लागली, तेव्हा लडकूनं एक केलं. एजन्सीच्या माणसाला एक गॅस लवकर मिळायचा. तो त्यानं स्वतःच्या घरी न नेता गोदूच्या घरी बसवला. त्याची बायको मैना तीन दिवस बोलली नाही. ती अजून फुंकणीनं चूल फुंकत होती, बिचारी. पण मानकोलीतला पहिला गॅस गोदूच्या घरात आला आणि बायजाबाईची मान वर झाली. दुसऱ्या सुनेची गोष्ट मागं पडली. “सून पायगुणाची हाय,” म्हणू लागली म्हातारी. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आता तो गॅस वापरायचे कसे म्हणाल, तर देव्हाऱ्यातल्या समईसारखा. रोजचं सगळं मागच्या पडवीतल्या चुलीवर, आणि पाव्हणा आला की चहा तेवढा गॅसवर. एक सिलिंडर दोन वर्षं पुरला. दुसऱ्या घरी महिन्या-दोन महिन्यांत बदलतो, गंजायला सवड कुठली? इथं तो एकाच जागी बसून राहिला, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर. त्यात चुलीला गेरू लावतात तसा बायजाबाई सिलिंडरच्या बुडालाही गेरू लावून घ्यायची, दर गुरुवारी. हळदीकुंकवाची बोटं वर वेगळी.

लडकू पहिल्या वर्षी तपासायला गेला, सुरी काढली, तर म्हातारीनं हातच धरला. “पाव्हणं, चुलीला कुणी लोखंड लावतं व्हय? लक्ष्मी उठून जाईल घरातनं.” गोदू मागं उभी होती, डोळ्यांनीच विनवीत. लडकूनं गेरूकडं बघितलं. लालसर, सारखा, सुकलेला. त्याखाली गंज असला तरी तो गेरूच्याच रंगाचा. त्यानं सुरी मिटली, ‘खाली पाट घाल गं’ एवढं गोदूला बजावलं आणि कार्डावर लिहिलं, ‘तळ ठीक’. बहिणीच्या संसारापुढं एका सहीचं काय, असं म्हणत तो सायकलवर बसला. पण ती सही त्याच्या मनातून गेली नाही. वर्षभर कुठंही सुरी काढली की त्याला मानकोली आठवायची.

दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर तो परत गेला. दारातच त्याला वास आला. अगदी पुसट, कांदा सडल्यासारखा. बायजाबाईचं नाक म्हातारं, तिला काही कळत नव्हतं. ती ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. “या पाव्हणं. गोदू, भावाला चहा टाक. गॅसवर टाक गं.”

“काडी ओढू नको,” लडकू एवढंच म्हणाला आणि चपला काढून तडक आत गेला.

गोदू गॅसपाशी उभीच नव्हती. ती पडवीच्या दाराशी होती, मागं चूल पेटलेली, वर आधण ठेवलेलं. चूल आणि सिलिंडर यांच्यात दहा पावलं नसतील. गॅस जड असतो, जमिनीलगत सरपटत जातो, हे लडकू शंभर घरांत सांगून चुकला होता. त्यानं आधी चुलीवर घागर ओतली. मग सिलिंडर कलता केला. पाटबीट काही नव्हता. सुरीचं टोक गेरूत गेलं, आणि गेरूबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघाले, कांद्याच्या सालीसारखे. ब्रशनं फेस लावला. बुडाच्या कडीपाशी एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला.

“गोदू, हे कधीपासून?”

गोदू दाराला टेकली. तिची बोटं गेरूनं लाल होती. “वास चार दिस येतो. गंज गणपतीत दिसला, दादा. तेव्हापासून मी पेटवलाच न्हाय.”

“आणि गेरू?”

“दर गुरुवारी लावतच होते. गंज दिसल्यावर रोज लावते. तुला दिसू नये म्हणून.”

लडकूला वाटलं, हिच्या कानाखाली द्यावी, आणि त्याच वेळी वाटलं, हिला पोटाशी धरावं.

“तू नेलास तर बदली कधी मिळेल?” गोदूनं हळूच विचारलं.

“सांगता येत न्हाय. सहा महिने. जास्तीच.”

“मग मीपन तेवढ्यात माहेरी. त्या तर बोलूनच बसल्यात, गॅस हाय तवर सून हाय.” ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. “एकदाच ठीक लिही, दादा. मी पेटवणार न्हाय. शपथ.”

इकडे आड, तिकडे विहीर. खराब लिहावं तर गोदूचं घर जातं, आणि गेल्या वर्षीची खोटी सही शेठच्या टेबलावर येऊन आपली भाकरी जाते. ठीक लिहावं तर एक दिवस चुलीतल्या निखाऱ्यानं सगळंच जातं, गोदूसकट. दोन रस्ते, आणि दोन्ही बंद. बाहेर बायजाबाई सुपात तांदूळ पाखडत होती, तो आवाज तेवढा येत होता.

त्यानं रेग्युलेटर काढून सिलिंडर उचलला. तळाला भोक, म्हणून उलटा धरला, भोक वर येईल असा, म्हणजे आतलं पातळ सांडत नाही. तसाच छातीशी कवटाळून तो बायजाबाईच्या समोरून बाहेर पडला आणि शेतापलीकडं खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर नेऊन ठेवला, वस्तीपासून लांब. परत आला तेव्हा ओटीवर तांदूळ सांडलेले होते आणि म्हातारी उभी होती.

“माझी लक्ष्मी उलटी करून नेलीत, पाव्हणं. आता पाव्हण्यारावळ्यांना चहा कशावर करायचा?”

लडकू तोंड उघडणार, तेवढ्यात गोदू पदर खोचून पुढं आली. आठ वर्षांत ती सासूसमोर असं कधी उभी राहिली नव्हती.

“चुलीवर,” ती म्हणाली. “गणपतीपासून चुलीवरचाच पिताय तुम्ही. दसऱ्याला सरपंचीणबाईंना दिलात तोपन. आनि गॅसची चवच न्यारी म्हनून सांगितलंत सगळ्यांना.”

बायजाबाई खाली बसली. अख्ख्या गावात तिनं त्या चहाचे गोडवे गायले होते. आता हसणार कोण कोण, ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. सून माहेरी पाठवावी तर सून तोंड उघडणार. ती सांडलेले दाणे सुपात भरू लागली. मग हळूच म्हणाली, “हे दाराबाहेर जाता कामा न्हाय. शेगडी तिथंच राहू दे. खाली पडदा लाव गोदू, आत काय हाय ते दिसू नये. आनि तू कुठं जायचं न्हाय.”

लडकूनं कार्ड खिळ्यावरून काढलं. तळाच्या रकान्यात लिहिलं, ‘गंजून भोक. गेल्या वर्षी पाहिला नव्हता.’ आणि खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

शेठनं कायदा पाळला. लडकू घरी बसला, मग आठवड्याभरानं लूमवर लागला, रात्रपाळी-दिवसपाळी, बारा-बारा तास. मैना चूल फुंकत राहिली, आणि तेच त्याला जास्त लागलं. आपण चुकलो की बरोबर केलं, हे त्याला लूमच्या खडखडाटात कधी उमगलं नाही. बहीण जिवंत आहे, एवढं मात्र तो मनाशी रोज म्हणायचा.

भाऊबीजेला तो मानकोलीला गेला. ओटीवर शेजारच्या तीन बाया बसलेल्या. गोदूनं ओवाळलं आणि आत गेली. आत शेगडीच्या ओट्याखाली फुलाफुलांचा पडदा होता. पडवीतून धुराचा वास आला आणि थोड्या वेळानं गोदू कपबश्या घेऊन बाहेर आली, डोळे चोळत, लाल झालेले.

“घ्या पाव्हणं,” बायजाबाई मोठ्यानं म्हणाली, बायांना ऐकू जाईल असं. “गॅसवरचा हाय.”

बाया लडकूकडं बघू लागल्या. गॅसमधलं कळणारा त्या ओटीवर तोच. गोदूही बघत होती. लडकूनं एक घोट घेतला. धुराची चव जिभेवर आली. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला,

“हाय. ठीक हाय.”