त्यांना तोंडी चालत नाही

दादाला परदेशात म्हातारपण काढायचं होतं आणि त्यासाठी माझ्या हातातलं शेत जायचं होतं. इतक्या सरळ शब्दांत हे मला कोणीच सांगितलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवते आहे. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच बसतो. कागदासमोर तसं होत नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. कल्याणला सरकारी नोकरी केली, तिथेच फ्लॅट घेतला, तिथेच निवृत्त झाला. त्याचा मुलगा थायलंडला कामाला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. त्यांना आता मूल झालंय. मी शाळा चौथीत सोडली, लग्न होऊन मुरबाडकडे गेले आणि नवरा गेल्यावर परत आले. मूलबाळ नव्हतं. परत येण्याआधी दिरानं मला मुरबाडच्या कचेरीत नेऊन नवऱ्याचा हिस्सा सोडल्याची सही करून घेतली. "वयनी, तुमाला काय कमी पडू देणार नाय," म्हणाला होता. पुढच्या दिवाळीला तांदळाचं एक पोतं आलं. त्याच्या पुढच्या दिवाळीला तेही आलं नाही.

तेव्हापासून मी किन्हवलीच्या पुढे, आमच्या गावात, आईवडिलांच्या घरात राहते. ते दोघं होते तोवर त्यांचं केलं. शेत तेव्हाही मीच करत होते, आजही मीच करते. पावसाळ्यात भात, भात निघालं की भेंडी. भेंडी तोडून तोडून हातांना इतकी खाज सुटते की रात्री मी हात मिठाच्या पाण्यात घालून बसते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं, अशी दोघांची नावं लागली. मी कधी त्याचा विचारही केला नव्हता. नाव काय, शेत करायला नाव लागत नाही.

होळीनंतरच्या एका रविवारी दादा आणि वहिनी गाडी करून आले. वहिनींच्या हातात साडीचा खोका होता. तो त्यांनी पाटावर ठेवला आणि मी चहा ठेवायला आत वळले तशी दादानं हाक मारली. "बाय, बस जरा. तुझ्याशी बोलायचंय."

त्यानं सांगितलं ते मी नीट ऐकलं. पन्नाशीच्या वरच्या माणसाला तो देश निवृत्तीचा व्हिसा देतो. तिथे काम करायचं नाही, नुसतं राहायचं. पण आपल्याकडे पैसे आहेत हे त्यांना आधी दाखवावं लागतं. महिन्याची पेन्शन त्यांना हवी तितकी असली तर प्रश्न नाही. दादाची तितकी भरत नव्हती. मग तिथल्या बँकेत एकरकमी मोठी रक्कम ठेवायची. तीही अर्जाच्या आदल्या दिवशी आणून टाकलेली चालत नाही, आधीपासून खात्यात पडून असावी लागते. आणि दर वर्षी परत दाखवायची.

मी विचारलं, "मग त्या पैशांत खायचं प्यायचं?"

"नाय गो. खायला पेन्शन हाय. त्या पैशांना हात लावायचा नाय."

"मग ते कशाला?"

"दाखवायला. हा माणूस उद्या आपल्या गळ्यात पडणार नाय, हे त्यांना पटायला पायजे. त्यांचा कायदा हाय तसा. त्यांना तोंडी चालत नाय."

मग वहिनी म्हणाल्या, "वन्सं, रस्त्याकडची जमीन मुंबईच्या एका पार्टीला बंगल्यासाठी हवीय. आपल्या शेतासकट लागून असलेली सगळीच घेतायत. भाव चांगला आलाय. फक्त सातबारा एका नावावर पाहिजे म्हणतो दलाल. तुम्ही हक्कसोड करून द्या, म्हणजे झालं."

पिकती जमीन विकायची आणि तिचा पैसा परक्या देशात पडीक ठेवायचा, नुसता दाखवायला, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी म्हटलं, "कल्याणचा फ्लॅट विका की."

वहिनी हसल्या. "फ्लॅट विकला आणि नाही करमलं तिकडे, तर परत येऊन राहायचं कुठे?"

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. खरंच त्यांना तो प्रश्न पडला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुला घर हाय ना," दादा म्हणाला. "घर कुठं विकतोय मी? आणि दर महिन्याला पाठवत जाईन की. बहीण हायस माझी. तुला वाऱ्यावर सोडीन काय?"

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. पण माझी मान हलली की लोक हो धरतात. ते दोघं खुशीत गेले. साडी पाटावरच राहिली.

आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. माझ्या दोन्ही आत्यांनी केली. गावातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी केलीय. बदल्यात साडीचोळी मिळते, दिवाळीला बोलावणं येतं, बाळंतपणाला जागा मिळते, नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर उभं राहायला दार मिळतं. कोणी हे लिहून देत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं.

शेजारच्या काकीला मी सांगितलं. ती माझ्या आईच्या वयाची, तिनंही तिच्या भावांना सही दिलेली. खळ्यात वाल सोलत बसली होती.

"दे करून," ती म्हणाली. "भावाशी वाकडं कशाला? उद्या डोळे मिटलेस तर खांदा कोण देल?"

"तो तिकडं विमानानं जाणार, काकी. खांदा काय मोबाईलवर देल?"

काकी इतकी हसली की वाल सांडले. मग सांडलेले वाल गोळा करायला लागली. म्हणाली, "माझे भाऊ तरी गावात होते गो. भांडले, पण होते."

त्या एका वाक्यानं माझ्या रागाला दिशा मिळाली. तोवर तो कुणावर ते कळत नव्हतं. बहिणी जमीन सोडतात ती माहेर उभं राहावं म्हणून. इथे तर माहेरच विकायला काढलं होतं. जमीन जाणार, भाऊ जाणार, आणि सही मात्र जुन्या रिवाजानं, साडीवर. रिवाजातला त्याच्या सोयीचा तेवढा अर्धा भाग त्यानं उचलला होता.

आणि ते "पाठवत जाईन". त्या देशाला तोंडी शब्द चालत नाही, मला मात्र चालायला हवा होता. तिकडच्या साहेबाला दादानं सांगून बघावं की माझा मुलगा पाठवत जाईल, मी काही तुमच्या गळ्यात पडणार नाही. साहेब हसेल. मी हसायचं नाही. मी साडी नेसून सही करायची.

एवढं सगळं मनात होतं. तरी दादाचा फोन आला, "सोमवारी शहापूरला ये, टाइम घेतलाय," तेव्हा मी "बरं" म्हणाले. हा माझा स्वभाव. पहिली एसटी पकडून गेले. ती साडी नेसले नाही, एवढंच केलं.

रजिस्टर कचेरीत गर्दी होती. दादा, वहिनी, दलाल आणि दलालानं ओळख द्यायला आणलेली दोन माणसं. त्या दोघांना मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि ते मला ओळखतो म्हणून सही करणार होते. आमचा नंबर आला. मला कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. टेबलामागच्या साहेबानं कागद चाळले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, दस्त वाचलात? तुमचा हिस्सा तुम्ही भावाला काही न घेता कायमचा सोडून देताय. मान्य आहे का?"

मी "नाय" म्हटलं. पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

"हो म्हणते ती," दादा मागून म्हणाला. "लाजाळू हाय जरा."

दलाल हसून म्हणाला, "कॅमेऱ्याला घाबरली मावशी. घरचं शूटिंग समज, मावशी, बोल बिनधास्त."

लाजाळू आहे, हे खरंच आहे. पण माझ्या लाजण्याचा हो करून टाकायचा, हे दिरानं एकदा केलं होतं. दादानं करावं याचा मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

साहेब दादाला म्हणाला, "त्यांना बोलू द्या." आणि मला परत विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "मला मान्य नाय."

या वेळी मागच्या बाकावरची माणसंसुद्धा वर बघायला लागली. साहेबानं कागद दादाकडे सरकवले. "मग दस्त होणार नाही. पुढचे या."

बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी आलो तशी वहिनींना रडू फुटलं. "चार लोकांत लाज घालवलीत. ज्यानं इतकी वर्षं सांभाळलं त्याच्याशी असं?"

"सांभाळलं कुणी?" मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "दरवर्षी तांदूळ कल्याणला कुणी पाठवला, वहिनी? आई अंथरुणात असताना तुमी किती दिवस येऊन राहिलात? मी फुकट खाल्लं नाय. तुमीच माझं खाल्लंत."

दलाल जरा लांब जाऊन फोनवर बोलायला लागला. दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी रागावलेली दिसतच नव्हते बहुतेक, आजारी दिसत असेन.

"तुला पायजे काय, बाय?" तो म्हणाला. "सरळ बोल."

"तो देश तुझ्याकडं मागतो तेच."

"म्हणजे?"

"माझ्या नावावर बँकेत रक्कम ठेव. आधी. पडून राहू दे. माझं म्हातारपण कुणाच्या गळ्यात पडणार नाय एवढी. ती मी पासबुकात बघीन, मग सही करीन. मलापण आता तोंडी चालत नाय."

"अगो, तुझ्यासाठी वेगळी काढली तर माझी भरणार कशी? तिकडची अट हाय!"

"माझी पण अट हाय."

"मी काय परका हाय? तो सरकारी कायदा हाय, मी भाऊ हाय तुझा!"

"म्हणूनच मागायला इतकी वर्षं लागली," मी म्हटलं आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर परत जाऊन माफी मागितली असती, स्वतःला मी ओळखते. किन्हवलीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि तिथे मी खूप रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं काय? मी हो म्हटलं.

त्यानंतर पाहुण्यांत माझं नाव झालं. बहिणीनं भावाची वाट अडवली. नातवाला आजोबा मिळू दिला नाही. खर्डीची मावसबहीण फोनवर म्हणाली, "तुला कुणाला ठेवायचंय गो एवढं? मागं ना पुढं." दादाला कधी कोणी विचारलं नाही की तुला परदेशातल्या बँकेत एवढं कुणाला ठेवायचंय. नातवाला भेटायला साधा फिरायचा व्हिसा मिळतो, हे मला त्याच मावसबहिणीच्या मुलानं सांगितलं. भेटायला जमीन विकावी लागत नाही. तिथे जन्म काढायला विकावी लागते.

दादाचं चुकलंच असं सगळं नाही. नातू त्याचा आहे. वहिनींचे गुडघे दुखतात, मुलाजवळ राहावं वाटत असेल. हे मी रोज स्वतःला सांगते. पण सांगून राग कमी होत नाही. उलट भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबाला, पालापाचोळा गोळा करताना एकेक जुनी गोष्ट आठवते आणि मी टोपलं आपटते.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. तब्येत विचारली, भेंडीला काय भाव मिळाला विचारलं. मग म्हणाला, "बरं, समज ठेवली तुझ्या नावावर. किती ठेवायची?"

हे मी ठरवलेलंच नव्हतं. सुचलं तसं बोलले. "तिकडं एका माणसाला महिन्याला किती लागतात असं त्यांनी धरलंय?"

त्यानं आकडा सांगितला.

"मग माझे पण तेवढेच धर आणि त्या हिशोबानं रक्कम ठेव."

तो हसला, लहानपणी मी काही चुकीचं बोलले की हसायचा तसा. "येडी काय गो तू? तुला कशाला तेवढे लागतील? तू तर गावात राहतेस. दोन भाकऱ्या खातेस."

मी फोन ठेवला. त्यानं परत केला. मी उचलला नाही.