आधी गुडघे दाखवा

"आधी गुडघे दाखवा," असे म्हणून आमचे शिंपी मास्तर गिऱ्हाइकाच्या हातातली विजार ओढूनच घेत. चष्मा कपाळावर चढवून गुडघ्यावरच्या कापडावरून अंगठा फिरवीत. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे मग सवडीने पाहत.

ग्वाल्हेरला सराफा बाजारामागच्या बोळात त्यांचे दुकान होते. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर तंबू शिवत आले. मास्तर मात्र बोर्डिंगला जाणाऱ्या मुलांचे कपडे शिवत. सुट्टीत तेच कपडे वाढवायला त्यांच्याकडे परत येत. त्यामुळे कोणत्या शाळेत मुलांचे खरोखर काय होते, हे त्यांना हेडमास्तरांहून जास्त ठाऊक.

"या शाळेत पोरं खेळतात, गुडघ्याला माती आहे. त्या शाळेत कोपरं झिजलीत, म्हणजे लिहून राहिलेत," ते सांगत. "कपडा झूठ नाही बोलत, साहेब."

मी दरबारच्या कचेरीत साधा कारकून. माझ्या एकुलत्या एक मुलाला, वसंताला, दूरच्या साहेबी बोर्डिंगात घालायचे वेड मी घेतले. गावातल्या मराठी शाळेत चौथाई खर्चात भागले असते. पण साहेबी शाळेत घोडेस्वारी होती, सरदारांची मुले होती, आणि त्यांच्याशी ओळख म्हणजे पुढची नोकरी. तुम्हीही अशी स्वप्ने रंगवणारे बाप पाहिले असतील. हिच्या पाटल्या विकल्या. बिर्जीस, म्हणजे घोडेस्वारीची तंग विजार, शिवताना मास्तरांनी एवढेच विचारले, "घोडा शाळेचा ना?"

"फीमध्ये धरलाय," मी ऐटीत सांगितले.

दिवाळीत वसंता आला. बोलणे कमी झाले होते. साहेबी वळण लागले, असे मी हिला सांगितले आणि कपड्यांचे बोचके घेऊन मास्तरांकडे गेलो.

त्यांनी बिर्जीस उजेडात धरली, मांड्यांची आतली बाजू उलटून पाहिली. नवी कोरी. "साहेब, हिने खोगीर पाहिलंच नाही." मग रोजची विजार घेतली. दोन्ही गुडघे विरलेले, त्यावर काळे डाग. त्यांनी डाग नाकाशी नेला. "बुटाचं पालिश. पोरगं गुडघ्यावर बसून कोणाचे तरी बूट पुसून राहिलंय. एका जोडीने एवढा डाग नाही पडत."

"धाकट्यांना मोठ्यांची कामे करावी लागतात. ती शिस्त असते," मी म्हणालो.

"मग सरदारांच्या धाकट्या पोरांचे गुडघे साफ कसे? त्यांचे कपडेपण माझ्याचकडे येतात. त्यांच्या बिर्जिशी घासल्यात."

मला राग आला, पण शाळेचा नव्हे, त्यांचा. माझ्या मुलाच्या शाळेची किंमत एका शिंप्याने करावी? मी म्हणालो, "तुम्ही फक्त कपडे वाढवून द्या."

"हे नाही वाढवणार," ते शांतपणे म्हणाले. "पैसा तुमचा, मर्जी तुमची. पोराला परत पाठवायला माझी सुई नाही चालणार."

मुरार छावणीतल्या दुसऱ्या शिंप्याकडून कपडे वाढवून घेतले आणि वसंताला परत पाठवले. वर्षाची फी भरली होती. हे लिहितानाही माझी मला चीड येते. घोड्याचे पैसे घेऊन मुलाच्या हाती बुटाचा ब्रश देणाऱ्या त्या शाळेची तर आजही येते. पण तिला जाब विचारणारे एक पत्र लिहिण्याची माझी छाती झाली नाही. सरदारांच्या मुलांची ओळख तुटली असती ना.

उन्हाळ्यात वसंता आला तेव्हा त्याची ट्रंक मीच उघडली. बिर्जीस कोरीच होती. विजारीच्या गुडघ्यांना आतून ठिगळे होती, वेडेवाकडे टाके घातलेली.

"हे कोणी शिवलं?"

"मीच. तुम्हाला दिसू नये म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही फी भरली होती ना, बाबा."

ती विजार घेऊन मी तसाच सराफ्यामागे गेलो. दुकानाला कुलूप होते. शेजारचा पानवाला म्हणाला, "मास्टर तो होली के बाद गुज़र गए, बाबूजी." मी विजार काखेत धरून बराच वेळ त्या पायरीवर बसलो. माफी मागायला आलो होतो, हे त्या पानवाल्याला काय सांगणार?

वसंताला गावातल्या शाळेत घातले. संध्याकाळी तो घरी आला की मी त्याचे पुस्तक बाजूला ठेवून आधी त्याचे गुडघे पाहत असे. माती असायची.